एकट्याचा खेळ आणि दर्याचे नियम

दौंडला राहणाऱ्या माझ्या भाचीने दिवाळीच्या सुट्टीत एक खेळ तयार केला. ती नववीत आहे. खेळ एकट्यानेच खेळायचा आहे. समोर भिडू नाही, पंच नाही. एक वही, दोन फासे, ड्रॉइंगच्या कागदावर काढलेला नकाशा आणि एक सोंगटी, एवढंच सामान. सोंगटी म्हणजे जुन्या काळातला एक मुसाफिर. त्याला दख्खनच्या पठारावरून निघून घाट उतरून दाभोळ बंदर गाठायचं आहे आणि तिथून गलबताने जेद्दाहला जायचं आहे. प्रत्येक दिवशी फासे टाकायचे, काय घडलं ते वहीत लिहायचं, शिधा आणि पाणी वजा करायचं.

अशा खेळांची परंपरा नवी नाही. इंग्लंडमध्ये 1982 साली स्टीव्ह जॅक्सन आणि इयान लिव्हिंगस्टन यांनी ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ नावाचं पुस्तक काढलं. त्यात वाचकच नायक असतो, फासे टाकतो आणि सांगितलेल्या क्रमांकाच्या परिच्छेदावर जातो. त्या पुस्तकापासून एकट्याने खेळायच्या साहसखेळांची मोठी लाट आली. भाचीने ते पुस्तक पाहिलेलंही नाही. तिने सगळं आपल्या डोक्याने रचलं.

जमिनीवर खेळ छान चालला. एक दिवस, एक घर. नदी आली तर एक दिवस जास्त. घाट आला तर दोन. दाभोळला पोचल्यावर मात्र खेळ अडकला. तिने मला फोन केला, “मामू, दर्यात माझे नियमच चालत नाहीत.” मग तिने तीन प्रश्न वाचून दाखवले. समुद्रात एक घर पुढे जायला किती दिवस धरायचे? पिण्याचं पाणी संपलं आणि चहूकडे पाणीच असलं तर काय? आणि तिसरा, जो तिला सगळ्यात जास्त छळत होता : वादळात मुसाफिर मरणार असं दिसलं, तर फासे परत टाकता येतील का?

तिचे अब्बू हसून म्हणाले म्हणे, “अगं, खेळ तुझा, खेळणारी तू. टाक ना परत, कोण बघतंय?”

हे ‘कोण बघतंय’ माझ्या डोक्यातून गेलं नाही. दोघे खेळत असले तर नियम थोडा संदिग्ध असला तरी भागतं, कारण समोरचा भांडतो आणि भांडणातून नियम ठरतो. एकट्याच्या खेळात भांडायला कोणी नाही. तिथे नियमात जेवढी फट, तेवढी आपल्याच मनाला पळवाट. म्हणून एकट्याच्या खेळाचे नियम चौघांच्या खेळापेक्षा जास्त स्पष्ट लागतात. तिचे तीन प्रश्न त्यासाठी मला मोलाचे वाटले आणि मी तिच्याबरोबर उत्तरं शोधायला बसलो.

आता शिरूर आणि दौंडच्या माणसांनी दर्याच्या नियमांवर बोलावं, हे जरा गमतीचं आहे. शिरूर घोड नदीच्या काठी, दौंड भीमेच्या काठी. घोड भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे अरबी समुद्र आमच्या जवळचा, पण आमचं पाणी जातं पार दुसऱ्या समुद्राला. दाभोळ मात्र आमच्या पठाराचंच दार होतं. बहामनी आणि पुढे आदिलशाहीच्या काळात दख्खनचा माल आणि दख्खनचे यात्रेकरू याच बंदरातून अरबस्तानाकडे जात. त्यामुळे भाचीच्या मुसाफिराचा रस्ता काही हवेतला नाही.

पहिला प्रश्न दिवसांचा. जमिनीवर अंतर ठरलेलं असतं. शिरूरहून न्हावरा, चौफुला, पाटस करत दौंडला जाताना जेवढे किलोमीटर, तेवढेच येताना. शिडाच्या जहाजाला हा हिशेब लागू नाही. तिथे अंतरापेक्षा वारा मोठा. अरबी समुद्रावर वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो. हिवाळ्यात तो ईशान्येकडून वाहतो आणि जहाजाला भारताच्या किनाऱ्यावरून अरबस्तान आणि आफ्रिकेकडे नेतो. उन्हाळ्यानंतर तो नैर्ऋत्येकडून येतो, जहाजाला परत आणतो आणि आपल्या शेताला पाऊस देतो. त्याचा जोर ऐन भरात असताना बंदरं बंद ठेवावी लागत. आजही आपल्या राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा करून होड्या पाण्यात घालतात. ‘मोसमी’ हा आपला शब्दही अरबीतल्या ‘मौसिम’वरून आलेला. त्याचा अर्थच मुळी ठरलेली वेळ.

पंधराव्या शतकातला अरब खलाशी अहमद इब्न माजिद याने नौकानयनावर मोठा ग्रंथ लिहिला. कोणत्या बंदरातून कोणत्या दिवसांत निघावं, हे त्यात सांगितलं आहे. हे खलाशी अंतर मोजायचे ‘झाम’मध्ये. एक झाम म्हणजे तीन तासांची वाटचाल. ध्रुवताऱ्याची उंची मोजायला त्यांच्याकडे ‘कमाल’ नावाचं साधन असे, म्हणजे लाकडाची छोटी पट्टी आणि तिला बांधलेली गाठींची दोरी. दोरी दातात धरायची, पट्टी क्षितिज आणि तारा यांच्यामध्ये बसवायची, आणि उंची बोटांच्या हिशेबात सांगायची. एवढ्याशा साधनावर ही माणसं दर्या ओलांडत.

वारा किती फरक पाडतो याचं ठळक उदाहरण वास्को द गामाच्या सफरीत आहे. 1498 च्या एप्रिलमध्ये तो आफ्रिकेतल्या मालिंदीहून निघाला. सोबत तिथला जाणकार वाटाड्या होता आणि वाराही अनुकूल होता. सुमारे तीन आठवड्यांनी त्याला मलबारचा किनारा दिसला. परतताना मात्र त्याने मोसमाची वाट पाहिली नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघाला आणि आफ्रिकेचा किनारा दिसायला त्याला जवळपास तीन महिने लागले. तोवर त्याची कितीतरी माणसं स्कर्व्हीने मेली. दर्या तोच होता. बदलला होता फक्त महिना.

यात हाजींची एक वेगळीच अडचण होती, ती भाचीला फार आवडली. हजचा महिना चंद्रावर चालतो आणि वारा सूर्यावर. हिजरी वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे हज दरवर्षी ऋतूत मागे सरकतो, पण वारा कोणासाठी सरकत नाही. त्यामुळे काही वर्षी हाजींना वारा असेल तेव्हा निघून अरबस्तानात कित्येक महिने थांबावं लागे. हे ऐकल्यावर तिने नकाशाच्या कोपऱ्यात दोन चक्रं काढली, एक चंद्राचं, एक वाऱ्याचं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं. आधी महिना बघायचा, मग घरं मोजायची.

दुसरा प्रश्न पाण्याचा. हा प्रश्न भाचीच्याही आधी, चौदाशे वर्षांपूर्वी विचारला गेला आहे. हदीसच्या ग्रंथांत हजरत अबू हुरैरा यांच्याकडून एक प्रसंग येतो. एक माणूस पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे आला. त्याचं म्हणणं असं, की आम्ही समुद्रावर जातो आणि सोबत पिण्याचं पाणी थोडंच असतं. त्यानेच वुजू केला तर तहानेने मरू. मग समुद्राच्या पाण्याने वुजू केला तर चालेल का? पैगंबरांनी उत्तर दिलं की समुद्राचं पाणी पाक आहे, आणि त्यातलं मेलेलंही हलाल आहे.

मला या प्रसंगात विचारणाऱ्याचं कौतुक वाटतं. त्याने उगाच मसला काढलेला नाही. त्याच्यापुढे खराखुरा पेच आहे : पाणी एकच, गरजा दोन. आणि उत्तर विचारण्यापेक्षा जास्त आहे. त्याने फक्त पाण्याचं विचारलं होतं. पण ज्याचं पाणी संपतं त्याचा शिधाही संपतो, म्हणून अन्नाचाही निकाल देऊन टाकला. चांगला नियम करणारा असाच पुढचा पेच आधी ओळखतो. आता त्या ‘मेलेल्या’त काय काय येतं यावर आम्ही हनफी आणि कोकणातले शाफई यांच्यात फरक आहे. आम्ही मासळीपाशी थांबतो, त्यांच्याकडे दर्याचा दस्तरखान मोठा आहे. आमच्याकडे तर झिंगा मासळी आहे की नाही, यावरच उलमांमध्ये दोन मतं आहेत. भाचीने त्यावर विचारलं, “मग माझा मुसाफिर हनफी की शाफई?” मी म्हटलं, “देशावरचा आहे ना, मग हनफी असेल. पण खेळ सुरू करताना लिहून टाक. भूक लागल्यावर ठरवायचं नाही.” वहीत पाण्याचे दोन रकाने झाले, पिण्याचं आणि वापरायचं. पहिलं कमी होतं, दुसरं कधीच संपत नाही.

तिसरा प्रश्न परत फासे टाकण्याचा. हा खरा अवघड.

एकट्याने समुद्रावर जाण्याच्या खऱ्या साहसांत हाच प्रश्न येऊन गेला आहे आणि त्यात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. 1968 साली इंग्लंडमध्ये ‘गोल्डन ग्लोब’ नावाची शर्यत जाहीर झाली. एकट्याने, कुठेही न थांबता, कोणाची मदत न घेता शिडाच्या नौकेने पृथ्वीला फेरी मारायची. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ज्या नौकेने निघाला तिचं नाव ‘सुहेली’. ही सागवानी नौका मुंबईत, इथल्या कारागिरांनी बांधलेली, आणि नाव अरब खलाशांच्या एका वाऱ्याचं. 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 ला तो फाल्मथला परत पोचला. अशी फेरी पुरी करणारा तो पहिला माणूस.

त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा एक माणूस होता. त्याची नौका पुरती तयार नव्हती, डोक्यावर कर्ज होतं. दक्षिणेचा महासागर आपल्याला झेपणार नाही हे त्याला उमगलं, पण परत फिरणंही परवडणारं नव्हतं. मग तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून आपण खूप पुढे गेल्याची खोटी ठिकाणं कळवू लागला. मध्ये दुरुस्तीसाठी तो अर्जेंटिनाच्या किनाऱ्यालाही लागला, जे नियमात बसत नव्हतं. जगाला खरं वाटलं. पण वहीत खरी आणि खोटी अशी दोन्ही टाचणं ठेवत तो एकटा बसला होता. जुलै 1969 मध्ये त्याची नौका सापडली, तीत तो नव्हता. शेवटच्या नोंदी वाचणाऱ्यांना कळलं की त्याच्या मनाचा तोल ढळला होता. नॉक्स-जॉन्स्टनने आपल्या बक्षिसाचे 5,000 पौंड क्रोहर्स्टच्या बायकोमुलांना देऊन टाकले.

भाचीचे अब्बू म्हणाले होते, कोण बघतंय? क्रोहर्स्टला कोणीच बघत नव्हतं. बघणारा तो स्वतः होता, आणि त्याला तेवढंच पुरलं. आम्ही मुसलमान म्हणू, अल्लाह बघत होता. रोज्यात घोटभर पाणी कोणी चोरून प्यायला तर कोणाला कळतं? तरी कोणी पीत नाही. एकट्याने नियम पाळायची तालीम आपल्याकडे दर वर्षी महिनाभर होते.

पण क्रोहर्स्टची गोष्ट सांगून थांबलो तर भाचीला वाटेल, की नियम म्हणजे मरेपर्यंत ताणायची दोरी. तसं नाही. त्या शर्यतीत अडचणीत आलेल्या माणसाला सन्मानाने मागे येण्याची वाट नव्हती. 2018 साली तीच शर्यत पुन्हा भरवली तेव्हा नियम करणाऱ्यांनी ही वाट ठेवली. नौकेत जीपीएस होतं, पण सीलबंद. अडचण आली तर सील तोडा, किंवा एकदा कुठेतरी थांबा. तुम्ही बाद होत नाही. फक्त तुमचा वर्ग बदलतो आणि तुम्ही ‘चिचेस्टर’ वर्गात जाता. हे नाव आहे 1966-67 मध्ये एकदाच थांबून एकट्याने फेरी करणाऱ्या फ्रान्सिस चिचेस्टर यांचं. म्हणजे सवलतीलाही एका मोठ्या खलाशाचं नाव दिलं.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेने 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून निघाले आणि 19 मे 2010 ला परत आले. वाटेत ते चार बंदरांत थांबले. एकट्याने पृथ्वीची फेरी करणारे ते पहिले भारतीय. त्याच नौकेने अभिलाष टॉमी नोव्हेंबर 2012 मध्ये निघाले आणि 2013 च्या मार्चअखेर, 151 दिवसांनी, कुठेही न थांबता परत आले. तशी फेरी करणारे तेही पहिले भारतीय. दोन ‘पहिले’, तरी भांडण नाही, कारण कोणाला थांबायची मुभा आणि कोणाला नाही हे निघण्याआधीच ठरलं होतं. दोंदे बंदरात थांबले, ती लबाडी झाली नाही. तोच थांबा लपवला असता तर झाली असती.

इथे आपल्या फिक्हमधली एक गोष्ट सांगावीशी वाटते. ती आपण रोज वापरतो, पण तिच्यातलं शहाणपण लक्षात घेत नाही. मुसाफिराला जोहर, असर आणि इशाच्या चार रकातींऐवजी दोन रकाती. ही सूट कशावर मिळते? त्रासावर मिळत नाही. अंतरावर मिळते. हनफींमध्ये काही उलमा 48 मैल म्हणजे सुमारे 77 किलोमीटर धरतात, काही 92 किलोमीटर. पुणे-दौंड रेल्वेने पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे पुण्याला जाणाऱ्याने कसर करायची की पुरी नमाज पढायची, याची चर्चा दौंडमध्ये हमखास रंगते. शिरूरहून दौंडला येणारा तर मुसाफिर ठरतच नाही, मग एसटीत उभं राहून त्याची कंबर मोडो.

मला लहानपणी हा अन्याय वाटायचा. एसी डब्यात झोपून दिल्लीला जाणाऱ्याला सूट, आणि रांजणगावच्या एमआयडीसीत भट्टीपुढे पाळी करणाऱ्याला पुऱ्या चार रकाती? पण त्रास मोजता येत नाही. त्रासावर सूट दिली तर रोज स्वतःशी वाद : आज मी पुरेसा दमलो आहे का? लबाड माणूस रोज दमेल, आणि भिडस्त माणूस कधीच दमणार नाही. अंतर मात्र मोजता येतं. ते पुरं झालं की सूट लागू, मग तुम्ही ताजेतवाने का असेना. आणि हनफी मताप्रमाणे ही सूट घेणं ऐच्छिकही नाही, मुसाफिराने दोनच पढायच्या. हजरत उमर यांनी पैगंबरांना विचारलं होतं की आता तर शत्रूची भीती राहिली नाही, मग कसर कशाला? उत्तराचा आशय असा होता, की ही अल्लाहने तुम्हाला दिलेली सदका आहे, ती स्वीकारा.

दर्याचे मसले तर आणखी बारीक आहेत. जहाज किनाऱ्याला बांधलेलं असेल तर ते जमिनीसारखंच, नमाज उभं राहूनच. जहाज चालू लागलं की इमाम अबू हनीफा यांनी बसून पढायला परवानगी दिली, कारण डोकं गरगरणं हीच तिथली रीत. त्यांचेच शागिर्द इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद म्हणाले, खरंच उभं राहता येत नसेल तरच. जहाज वळलं तर नमाजी किब्ल्याकडे वळत राहील. दिशा कळेनाशी झाली तर विचार करून एक दिशा ठरवायची आणि पढायची. नंतर चूक कळली तरी ती नमाज दोहरवायची नाही.

हे सगळं मी भाचीला सांगत होतो तेव्हा खाटेवर अब्बा बसले होते. ते माझ्याकडे शिरूरला असतात, त्या आठवड्यात दौंडला लेकीकडे आले होते. 1995 पर्यंत मुंबईहून हाजींची जहाजं जात. अब्बा त्याआधी, ऐंशीच्या दशकात, जहाजानेच हजला गेलेले. भाचीला खरा खलाशी सापडला. ते सांगू लागले : आठवडाभर पाणीच पाणी, पहिले दोन दिवस उलट्या, आणि यलमलमची हद्द जवळ आली अशी जहाजावर घोषणा झाल्यावर सगळ्यांनी एहराम बांधलेले. बसून नमाज पढल्याचंही सांगितलं. “उभे राहिलो असतो तर पडलो असतो. मौलानांनी सांगितलं, बसा. बसलो.”

मागच्या रमजानमध्ये याच अब्बांना आम्ही रात्री दवाखान्यात नेलं होतं. त्यांना बावीस वर्षांचा मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. डॉक्टरांनी रोजे बंद सांगितले होते. ते हो म्हणाले आणि आमच्यापासून लपवून धरत राहिले. एका संध्याकाळी इफ्तारच्या आधी साखर एवढी उतरली की बोलणं बंद झालं. शुद्धीवर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य, “रोजा तुटला का?” अब्बा हट्टी नाहीत, ते भिडस्त आहेत. सूट दुसऱ्यांसाठी असते असं त्यांना वाटतं. आपल्यापेक्षा आजारी कोणीतरी असणारच, मग आपण कसं घ्यायचं?

भाचीने त्यांना खेळातलाच प्रश्न विचारला. “नाना, मुसाफिर थकला, हे ठरवायचं कोणी? खेळात मी एकटीच आहे. मी ठरवलं तर मी दरवेळी थकेन.”

अब्बा म्हणाले, “तू नको ठरवूस. आधी आकडा लिही. आकड्याच्या खाली गेला की थकला.”

मी गप्प राहिलो. त्यांचं बोलणं त्यांनाच ऐकू येऊ द्यावं असं वाटलं. थोड्या वेळाने फक्त एवढंच म्हणालो, की आजाऱ्याच्या रोज्याबाबतही तसंच आहे. आपला अनुभव किंवा जाणत्या, भरवशाच्या डॉक्टरचा शब्द, हाच तो आकडा. बरं होण्याची आशा नसेल तर रोज्यामागे एका गरिबाला जेवण, फिदया. त्यांनी उत्तर दिलं नाही. पुढच्या महिन्यात फिदयाचा हिशेब कसा करतात ते त्यांनी मशिदीत विचारून घेतलं, एवढं मला इमामसाहेबांकडून कळलं. या रमजानला काय होईल ते बघू. त्यांच्या ग्लुकोमीटरच्या डबीवर आता डॉक्टरांनी सांगितलेला आकडा मार्करने लिहिलेला आहे. तो अक्षरावरून भाचीचा वाटतो.

खेळाचे दर्याचे नियम आता ठरले आहेत. कोणाला आपल्या मुलांसाठी वापरायचे असतील तर खुशाल वापरा.

गलबत धक्क्याला बांधलेलं असेपर्यंत जमिनीचे नियम. दोर सुटला की दर्याचे.

आधी महिना बघा. वारा पाठीशी असेल तर दिवसाला एक घर. वारा समोरून असेल तर एका घराला तीन दिवस. पावसाळ्याच्या ऐन भरात बंदर बंद, निघायचं नाही. शिधा मात्र बंदरातही रोज कमी होतो.

पिण्याचं पाणी आणि वापरायचं पाणी वेगळं लिहा. मासे पकडायला एक पूर्ण दिवस लागतो आणि त्या दिवशी घर पुढे जात नाही.

टाकलेले फासे परत टाकायचे नाहीत. पण पिण्याचं पाणी तीन दिवसांपेक्षा कमी किंवा दम दोनपेक्षा कमी झाला, की मुसाफिर ‘बसतो’. बसलेल्या मुसाफिराला वादळाचा फासा एकच टाकायचा असतो, दोन नाही. त्या दिवशी तो पुढे जात नाही. आकडा खाली गेला की बसावंच लागेल. ‘मला गरज नाही’ म्हणून उभं राहता येणार नाही.

नियमात न बसणारं काही घडलं तर विचार करून निकाल द्या, वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहा आणि खेळ पुढे चालू ठेवा. तो निकाल चुकला असं नंतर वाटलं तर बदला, पण पुढच्या सफरीपासून. झालेली सफर झाली.

या नियमांनी भाचीचा मुसाफिर पहिल्या सफरीत बुडाला. दुसऱ्यांदा तो एडनपर्यंत पोचला आणि वाऱ्याची वाट बघत तिथे चार महिने अडकला. वहीत त्या चार महिन्यांची पानं तिने एकही दिवस न गाळता भरली आहेत.